नक्षीदार पिस्तुलाचे गंजापासून संरक्षण : लेपाची निवड आणि तिची वेळ

सारांश

कोरीव नक्षी असलेल्या पोलादी पिस्तुलास कोणता संरक्षक लेप द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ गंजरोधनाचा वाटतो. प्रत्यक्षात तो लेपाची जाडी, लेपापूर्वीची पृष्ठभागाची तयारी आणि लेप पुन्हा काढता येण्याची शक्यता या तीन बाबींशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात गंजाच्या प्रक्रियेचा आणि प्रचलित लेपांचा या तीन कसोट्यांवर आढावा घेतला आहे. लेपाची निवड ही नक्षीकामाच्या पूर्वी करावयाची बाब असून जसजसा काळ लोटतो तसतसे पर्याय कमी होत जातात आणि ऐतिहासिक वस्तूच्या बाबतीत मेणाचा पातळ थर व कोरडी हवा एवढाच मार्ग बहुधा उरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : उत्कीर्णन, गंज, ब्ल्यूइंग, विद्युत विलेपन, सूक्ष्मस्फटिकी मेण, सापेक्ष आर्द्रता, जतन

१. प्रस्तावना

लोखंडी विळी धुतल्यावर ती पुसून तिच्या पात्यावरून तेलाचा हात फिरविण्याची पद्धत आपल्याकडील जुन्या स्वयंपाकघरांत होती. गंजरोधनाचे सारे शास्त्र या साध्या कृतीत सामावलेले आहे : लोखंड आणि ओलावा यांच्यामध्ये एक आडपडदा निर्माण करणे. विळीच्या पात्यावर थोडा गंज चढलाच तर ते घासून स्वच्छ करता येते. पाते किंचित झिजते, परंतु त्याचे काम अडत नाही. नक्षीदार पिस्तुलाचे तसे नाही. तेथे घासून काढलेला गंज आपल्याबरोबर वेलबुट्टीची एखादी रेषाही घेऊन जातो आणि ती रेषा परत येत नाही.

अनेक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत देणगीदाखल आलेल्या जुन्या शस्त्रांचा छोटा संग्रह असतो. काही घराण्यांतही अशी शस्त्रे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आढळतात. खंडेनवमीला ती बाहेर काढली जातात, विटकरीच्या भुकटीने किंवा चिंचेने घासली जातात, त्यांवर गंध, हळद-कुंकू व ओली फुले वाहिली जातात आणि पूजेनंतर ती पुन्हा कपाटात जातात. या कृतीमागील श्रद्धा आदरणीयच आहे. तथापि आम्लधर्मी पदार्थ, खरखरीत भुकटी आणि ओलावा हे तिन्ही नक्षीचे शत्रू होत. म्हणूनच हा विषय केवळ शस्त्रविद्येच्या अभ्यासकांपुरता न राहता इतिहास, रसायनशास्त्र आणि वस्तुसंग्रहालयशास्त्र या तिन्ही शाखांच्या अध्यापकांचा ठरतो.

प्रस्तुत लेखात ‘पिस्तूल’ ही संज्ञा रिव्हॉल्व्हरसह सर्व हातशस्त्रांसाठी व्यापक अर्थाने वापरली आहे.

२. गंजाची प्रक्रिया आणि कोरीव रेषा

लोखंडास गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन या दोहोंची आवश्यकता असते. ही क्रिया विद्युतरासायनिक स्वरूपाची आहे. पृष्ठभागाच्या एका भागी लोह विरघळते आणि दुसऱ्या भागी ऑक्सिजनचे क्षपण होते. केंब्रिज येथील यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाच्या साहाय्याने हे प्रभावीपणे दाखवून दिले. थेंबाच्या कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोहोचतो, मध्यभागी तो कमी पडतो. परिणामी लोखंड मध्यभागी विरघळते आणि गंज मात्र त्याभोवती वर्तुळाकार साचतो. म्हणजेच ऑक्सिजन जेथे कमी तेथे धातूची हानी अधिक, असा हा काहीसा अनपेक्षित निष्कर्ष आहे.

कोरीव रेषेच्या बाबतीत हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा ठरतो. कोरणीने कापलेली रेषा म्हणजे एक अरुंद चर होय. तिच्यात धूळ, हाताचा घाम आणि जुने घट्ट झालेले तेल साचते. धूळ ओलावा धरून ठेवते, तर घामातील मीठ त्या ओलाव्यास विद्युतवाहक बनविते. सपाट पृष्ठभाग पुसून कोरडा होतो, चराचा तळ मात्र ओलाच राहतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्याने अरुंद रेषा आतून भरून येते व तिच्या कडा उखडतात. नक्षीत सोन्याची किंवा चांदीची जडण असेल तर आणखी एक धोका संभवतो. सोने-चांदी लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्यामुळे ओलावा मिळताच त्यांच्या सांध्यालगतचे लोखंड अधिक वेगाने विरघळते आणि जडण सैल होते.

आर्द्रतेचे प्रमाण हा यातील निर्णायक घटक आहे. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० व १९३० च्या दशकांत केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली, की प्रदूषित हवेत लोखंडाचा गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. पृष्ठभागावर क्षार असतील तर ही मर्यादा आणखी खाली येते. मुंबई व कोकण किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, हे लक्षात घेता पावसाळ्याचे चार महिने नक्षीदार पोलादाच्या दृष्टीने कसोटीचेच म्हणावे लागतील.

३. निवडीच्या तीन कसोट्या

३.१ लेपाची जाडी

जाडीचा विचार एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. समजा, नक्षीतील एखाद्या रेषेची रुंदी १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग आहे. लेपाची जाडी २ मायक्रॉन असेल तर रेषेच्या दोन्ही भिंतींवर मिळून ४ मायक्रॉन व्यापले जातील आणि रेषा ९६ मायक्रॉन रुंद राहील. हा फरक डोळ्यांना जाणवणार नाही. लेपाची जाडी २५ मायक्रॉन असेल तर दोन्ही भिंतींचे मिळून ५० मायक्रॉन जातील आणि रेषा निम्मी होईल. पानांच्या शिरा, चेहऱ्यावरील छायारेषा यांसारख्या बारीक रेषा तर संपूर्ण बुजून जातील.

शिवाय लेप सर्वत्र सारखा बसत नाही. विद्युत विलेपनात प्रवाह उंचवट्यांवर व कडांवर एकवटत असल्याने तेथे धातूचा थर जाड आणि चराच्या तळाशी पातळ बसतो. त्यामुळे कडा गोलसर होतात, तर जेथे संरक्षणाची सर्वाधिक गरज तेथेच ते तोकडे पडते. द्रवरूप लेपांचे याच्या उलट असते. ते पृष्ठताणामुळे तळाशी साचतात आणि रेषा उथळ करतात.

३.२ लेपापूर्वीची तयारी

पुष्कळदा लेपापेक्षा त्यापूर्वीची तयारीच अधिक घातक ठरते. पॉलिश करण्याचे फिरते चाक रेषांच्या धारदार कडा पुसट करते. वाळूचा किंवा तत्सम कणांचा मारा पृष्ठभाग खरखरीत करतो. आम्लाने गंज काढताना निरोगी पोलादही खाल्ले जाते, तसेच कठीण पोलादाच्या स्प्रिंगा हायड्रोजन शोषून ठिसूळ होण्याचा संभव असतो. म्हणून कोणत्याही लेपाविषयी पहिला प्रश्न ‘तो किती काळ टिकेल?’ हा नसून ‘तो देण्यापूर्वी पृष्ठभागाचे काय करावे लागेल?’ हा असला पाहिजे.

३.३ लेप परत काढता येणे

तिसरी कसोटी जतनशास्त्राने दिलेली आहे. आज दिलेला लेप उद्या मूळ वस्तूस इजा न करता काढता येईल काय? मेण द्रावकाने निघते. निकेलचा थर काढण्यासाठी मात्र पुन्हा रासायनिक वा विद्युतरासायनिक क्रिया करावी लागते आणि त्यात खालची नक्षी सुरक्षित राहीलच, याची शाश्वती नसते. नवीन वस्तूस ही कसोटी काहीशी शिथिल करता येईल, ऐतिहासिक वस्तूस ती शिथिल करता येणार नाही.

४. प्रचलित लेपांचे तौलनिक स्वरूप

४.१ ब्ल्यूइंग

पोलादाच्या पृष्ठभागावर काळसर निळ्या मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या एका ऑक्साइडचा, अतिशय पातळ थर निर्माण करणे म्हणजे ब्ल्यूइंग होय. पारंपरिक मंद पद्धतीत पृष्ठभागावर नियंत्रित गंज चढवितात, नंतर तो उकळत्या पाण्यात धरून तांबड्या गंजाचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करतात आणि मऊ तारेच्या ब्रशने सुटा भाग झाडतात. हे चक्र अनेकदा, कित्येक दिवस चालते. उष्ण पद्धतीत वस्तू कॉस्टिक सोडा व नायट्रेट-नायट्राइट क्षारांच्या सुमारे १३५ ते १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात बुडवितात. थराची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असल्याने नक्षीचा एकही तपशील लोपत नाही. गडद पार्श्वभूमीवर सोन्याची जडण खुलून दिसते, हा आणखी एक लाभ.

या पद्धतीचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून अमेरिकेतील कोल्ट कारखान्याच्या ड्रॅगून रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखविता येईल. सुमारे १८५३ मध्ये घडविलेले आणि ऑटोमन सुलतान अब्दुलमजीद पहिला याच्यासाठी योजलेले हे शस्त्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहे. त्यावरील नक्षीकाम व सोन्याची जडण जर्मनीत जन्मलेले उत्कीर्णक गुस्टाव्ह यंग यांच्या नावे सांगितली जाते.

ब्ल्यूइंगची मर्यादा मात्र स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. हा थर सच्छिद्र असतो. तो स्वतः गंज फारसा रोखत नाही, तर तेल किंवा मेण धरून ठेवतो आणि ते तेल गंज रोखते. ‘ब्ल्यूइंग केले, आता काळजी नको’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. दुसरे असे, की हा थर हे लोहाचेच ऑक्साइड आहे. त्यामुळे गंज काढणारी रसायने त्यालाही गंजच समजतात आणि डागासोबत मूळचा रंगही उतरवितात. लिंबू-चिंचेचा परिणामही हाच. याशिवाय उष्ण पद्धतीतील तीव्र अल्कलीत ॲल्युमिनियमचे भाग आणि कथील-शिशाच्या डाकाचे सांधे विरघळतात, याचेही भान ठेवावे लागते.

४.२ रंगीत पृष्ठकठिनीकरण

हाडांच्या व लाकडाच्या कोळशात पोलादी भाग बंद करून तो ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून पाण्यात बुडविला असता पृष्ठभाग कठीण होतो आणि त्यावर निळ्या, करड्या व तपकिरी छटांचे ढगांसारखे आकार उमटतात. नक्षी मऊ पोलादावर आधी कोरून घ्यावी लागते. जाडीच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष असली तरी रंग नाजूक असतात, घर्षणाने व तीव्र प्रकाशाने फिकट होतात आणि गंजापासूनचे संरक्षण बेताचेच असते. तापवून एकदम थंड करताना भाग वाकण्याचीही भीती असते.

४.३ निकेल आणि क्रोमियम

अमेरिकेत आयझॅक अ‍ॅडम्स (धाकटे) यांनी १८६९ मध्ये निकेल विलेपनाचे एकस्व मिळविल्यानंतर ही पद्धत व्यापारी प्रमाणावर रूढ झाली आणि १८७० च्या दशकात निकेलच्या मुलाम्याची रिव्हॉल्व्हरे लोकप्रिय झाली. काळ्या दारूचा ओलावा शोषणारा अवशेष या गुळगुळीत पृष्ठभागावरून सहज पुसता येई, हे त्यामागील व्यावहारिक कारण होते.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावयास हवा. घरावरील पत्र्याला दिलेले जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते व लोखंड वाचते. निकेलचे नेमके उलट आहे. ते कमी क्रियाशील असल्यामुळे थराला एखादे छिद्र पडले, की झीज त्या छिद्राखालील लोखंडाच्या वाट्याला येते. गंज थराखाली पसरतो आणि मुलामा पापुद्र्यांनी सुटतो. विद्युत प्रवाहाविना रासायनिक क्रियेने बसविलेला निकेलचा थर अधिक एकसारखा असतो. तरीही त्याची नेहमीची जाडी १० ते २५ मायक्रॉनच्या घरात असल्याने बारीक नक्षीस तो मानवत नाही. कठीण क्रोमियमलाही जाडीचा आणि कडांचा हाच आक्षेप लागू पडतो. शिवाय त्याच्या पारंपरिक द्रावणातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

४.४ फॉस्फेट आणि बहुवारिक लेप

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्करी शस्त्रांवर सर्रास दिलेला फॉस्फेटचा थर स्फटिकमय, करडा व मंद असतो. तो तेल उत्तम धरतो आणि लष्करी उपयोगास योग्य आहे. नक्षीवर मात्र तो राखेसारखा पसरतो. अलीकडील सिरॅमिकमिश्रित बहुवारिक लेप गंजरोधनात अव्वल असले तरी ते साधारणतः २५ मायक्रॉन जाडीचे असतात आणि पृष्ठभागावर कणांचा मारा केल्याशिवाय नीट धरत नाहीत. पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही कसोट्यांवर ते येथे अपात्र ठरतात.

४.५ निर्वात निक्षेपण आणि निष्कलंक पोलाद

निर्वात कक्षात टायटेनियम नायट्राइड किंवा हिरासदृश कार्बनचा थर बसविण्याची पद्धत तुलनेने नवी आहे. जाडी १ ते ५ मायक्रॉन एवढीच असल्याने नक्षी टिकते आणि कडांची झीजही कमी होते. परंतु यातील काही प्रक्रियांत तापमान ४०० अंशांच्या वर जाते. कठीण केलेल्या पोलादाचे पाणी त्याने उतरू शकते. थरातील सूक्ष्म छिद्रांतून गंजाचा शिरकावही संभवतो.

निष्कलंक पोलाद हा खरे तर लेप नव्हेच. १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘मॉडेल ६०’ हे निष्कलंक पोलादाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे पृष्ठभागावर आपोआप बनणारा अदृश्य थर ओरखड्यानंतर पुन्हा तयार होतो. कोरणीने रेषा कापली तरी तिच्या तळाशी तो निर्माण होतो, ही बाब नक्षीच्या दृष्टीने मोलाची आहे. समुद्री हवेतील क्लोराइडमुळे यालाही बारीक खड्डे पडू शकतात. निष्कलंक म्हणजे निर्भय नव्हे.

५. नक्षीकाम जुने असल्यास

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः नव्या कामास लागू पडते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पिस्तुलावर नव्याने ब्ल्यूइंग वा विलेपन करणे म्हणजे त्याचा पुरावा पुसणे होय. मूळ थराचे अवशेष, वापराने झिजलेल्या जागा, कारागिराच्या हत्याराच्या खुणा हे सारे इतिहासाचे साधन आहे. न्यूयॉर्कमधील उत्कीर्णक एल. डी. निम्श्के यांनी आपल्या नक्षीचे शाईने घेतलेले ठसे जपून ठेवले होते आणि ते १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अशा ठशांशी प्रत्यक्ष शस्त्रावरील नक्षी ताडून पाहता येते, ती रेषांच्या कडा शाबूत असतील तरच.

अशा वस्तूस पुढील क्रम योग्य ठरतो. प्रथम शस्त्र रिकामे असल्याची खात्री जाणकार व अधिकृत व्यक्तीकडून करून घ्यावी. नंतर तिरप्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन स्थितीची नोंद करावी. तांबूस-नारिंगी, भुकटीसारखा गंज सक्रिय समजावा. तो भिंगाखाली, हलक्या खनिज तेलाच्या साहाय्याने लाकडाच्या किंवा हाडाच्या टोकदार काडीने अलगद सुटा करावा. गडद, घट्ट व स्थिर थरास हात लावू नये. पृष्ठभाग द्रावकाने स्निग्धतामुक्त करून पूर्ण वाळल्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अगदी पातळ थर मऊ ब्रशने रेषांत पोहोचवावा आणि सुती कापडाने पुसून घ्यावा. मेण अधिक झाल्यास ते रेषांत पांढरे दिसते व धूळ धरते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या मध्यात विकसित झालेले ‘रेनेसान्स वॅक्स’ याच वर्गातील असून ते जगभर वापरले जाते.

जतनकार्यात वापरली जाणारी ‘पॅरालॉइड बी-७२’ ही ॲक्रिलिक राळही ॲसिटोनने परत काढता येते. मात्र ती सुमारे ४० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते. विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेथील बंद काचपेटीत ही राळ चिकट होऊन धूळ धरण्याचा संभव आहे. परदेशी पुस्तकातील शिफारस आपल्या हवामानात तपासूनच स्वीकारावी, याचे हे बोलके उदाहरण होय.

साठवणुकीविषयी दोन सूचना आवश्यक वाटतात. पिस्तूल चामडी म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओलावा शोषते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादास बाधतात. तसेच पेटीतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवण्यासाठी योग्य प्रकारे सिद्ध केलेली सिलिका जेल वापरावी. हवा याहून फार कोरडी केल्यास लाकडी वा हस्तिदंती मुठीस तडे जाऊ शकतात. हाताळताना हातमोजे घालावेत आणि मेणाची तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करावी.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीसारख्या शस्त्रांच्या दुरुस्तीसही परवाना लागतो. चालू स्थितीतील शस्त्राचे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे. जतनाविषयी शंका असल्यास लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळेसारख्या संस्थेचा सल्ला घेणे श्रेयस्कर ठरेल.

६. निष्कर्ष

१. नक्षी कोरण्यापूर्वी सर्व पर्याय खुले असतात. शस्त्र प्रत्यक्ष वापरात आणि किनारी, दमट हवेत राहणार असेल तर निष्कलंक पोलाद निवडावे. विलेपनच करावयाचे असल्यास उत्कीर्णकाने रेषा त्या मानाने खोल व रुंद ठेवाव्यात.

२. साध्या पोलादावर नवी नक्षी कोरून झाल्यावर मंद किंवा उष्ण पद्धतीचे ब्ल्यूइंग आणि त्यावर मेण हा संयोग सर्वांत समतोल ठरतो. त्यास नियमित देखभालीची जोड अपरिहार्य आहे.

३. ऐतिहासिक नक्षीवर नवा स्थायी लेप देऊ नये. मेण, कोरडी हवा आणि कमीत कमी हाताळणी हाच तेथे मार्ग होय.

४. सर्वाधिक गंजरोधक लेप हा नक्षीसाठी सर्वोत्तम लेप असतोच असे नाही. पिस्तूल गंजापासून वाचले आणि नक्षी लेपाखाली बुजली, तर जे वाचवावयाचे होते तेच गमावले, असे म्हणावे लागेल.

आपल्या महाविद्यालयाच्या कपाटात असे एखादे शस्त्र असेल तर येत्या खंडेनवमीला ते घासण्यापूर्वी भिंगातून एकदा पाहावे. गंध-फूल शेजारच्या पाटावर वाहिले तरी पूजा पूर्णच होते आणि नक्षी पुढच्या पिढीच्या अभ्यासासाठी शिल्लक राहते.